रास्त भाव आणि रास्त नफा : टी-शर्ट छपाईच्या लहान धंद्याविषयी काही विचार

व्यापाराच्या सर्व अंगांत भाव ठरविणे हे सर्वांत सोपे, असा समज आपल्यात रूढ आहे. खरेदीला नजर लागते, विक्रीला वाणी लागते, वसुलीला चिकाटी लागते. भावाचे मात्र काय, खरेदीवर चार पैसे चढविले की झाले, असे आपण सहज म्हणून जातो. ज्यांच्या घरी दोन-तीन पिढ्या कापडाची, धान्याची वा किराण्याची दुकाने चालली त्यांना हा समज वारशानेच मिळालेला आहे, आणि त्या धंद्यांत तो पुष्कळसा खराही आहे. परंतु आपल्या घरांतील तरुण मंडळी आता वडिलांची गादी सोडून निराळ्या उद्योगांत उतरू लागली आहेत, आणि तेथे हाच समज त्यांचा घात करीत आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. त्या उद्योगांपैकी एकाचाच विचार आम्ही येथे करणार आहोत. तो म्हणजे मागणीप्रमाणे टी-शर्ट छापून देण्याचा उद्योग.

भोपाळच्या वाचकांना अवधपुरीची ओळख करून देण्याचे कारण नाही. परगावच्या वाचकांसाठी मात्र दोन शब्द सांगतो. 1956 साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना भोपाळात उभा राहिला. 1974 साली ही कंपनी भेलमध्ये विलीन झाली. या कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथे आली आणि पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा येथे कामगारांच्या वसाहती वसल्या. याच कारखान्याच्या वसाहतीला लागून अवधपुरीची वस्ती वाढली. येथे नोकरदार आणि निवृत्त कुटुंबांची घरे आहेत. तळमजल्यावर लहान-लहान दुकाने आहेत. शाळा आणि शिकवणीचे वर्ग आहेत. शाळेच्या क्रीडासंमेलनाला, गणेशोत्सवाच्या कार्यकर्त्यांना, गल्लीतील क्रिकेटच्या संघाला, पहाटे फिरावयास जाणाऱ्या मंडळींना आणि गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना एकसारखे छापील टी-शर्ट हवे असतात. यास्तव अशा वस्तीत छपाईचे लहानसे दुकान काढावे, असे एखाद्या होतकरू तरुणाला वाटले तर त्यात नवल नाही.

आमच्या परिचयातील एका निवृत्त कामगाराच्या मुलाने असेच दुकान काढले. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून तीन लाख रुपये त्यात घातले. दिवसा गिऱ्हाइकांकडे हेलपाटे, रात्री अकरापर्यंत छपाई, आणि त्यानंतर घरी पत्नीने टी-शर्ट घडी करून पिशवीत भरावयाचे, असा त्याचा क्रम होता. दुकानात गर्दी असे. शेजारीपाजारी म्हणत, मुलाने नाव काढले. परंतु दोन वर्षे उलटली तरी घरात पैसा दिसेना. वडिलांना वाटू लागले की मुलगा कोठेतरी उधळपट्टी करीत असावा. मुलाला वाटू लागले की आपण आणखी श्रम करावयास हवेत. बाप-लेकांतील बोलणे तुटण्याची वेळ आली. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन आटोपल्यावर तो आपली वही घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, “काका, काम भरपूर आहे, पण पैसा जातो कोठे, ते तुम्हीच शोधून द्या.”

आम्ही म्हटले, मागील महिन्यातील एकच काम उचल आणि त्याचा हिशेब सांग. त्याने एका मंडळाचे काम निवडले. शंभर टी-शर्ट, छातीवर दोन रंगांत चिन्ह, पाठीवर एका रंगात नाव. शेजारच्या दुकानदाराने 210 रुपये भाव सांगितला होता, म्हणून याने 200 सांगितला आणि काम मिळविले. त्याचा हिशेब असा होता : कोरा टी-शर्ट 140 रुपये, शाई वगैरे 10 रुपये, म्हणजे 150, नगामागे 50 रुपये सुटले, शंभर नगांवर पाच हजार. हिशेब इतका सरळ होता की त्यात चूक असेल अशी शंकाही येऊ नये. मग आम्ही त्याच्याच तोंडून एकेक खर्च वदवून घेतला आणि वहीच्या कोऱ्या पानावर मांडला. तो येणेप्रमाणे :

कोरे टी-शर्ट, 100 नग, दर 140 : 14,000 रु.
मालाची वाहतूक, नगामागे 4 : 400 रु.
छपाईत बिघडलेले 4 नग : 576 रु.
तीन स्क्रीन तयार करणे, दर 250 : 750 रु.
शाई, द्रावक, चिकटपट्टी : 600 रु.
शाई पक्की करण्यासाठी लागलेली वीज : 200 रु.
पिशव्या आणि माल पोचविणे : 400 रु.
मदतनिसाची दोन दिवसांची मजुरी, दर 500 : 1,000 रु.
दुकानखर्चाचा दोन दिवसांचा वाटा : 1,440 रु.
एकूण : 19,366 रु.

दुकानखर्चाचा आकडा कसा आला तेही सांगितले पाहिजे. भाडे 9,000, विजेचा ठराविक आकार 1,500, दूरध्वनी व इंटरनेट 1,000, दुरुस्ती व किरकोळ 2,000. यांत दोन कलमे त्याने कधीच धरली नव्हती. एक, यंत्रसामग्रीचा घसारा : 1,20,000 रुपयांची सामग्री पाच वर्षांत निकामी होईल असे धरले तर महिन्याला 2,000. दुसरे, वडिलांच्या तीन लाखांवरील व्याज : दहा टक्क्यांनी महिन्याला 2,500. एकूण 18,000; महिन्यात कामाचे 25 दिवस धरले तर दिवसाला 720.

वीस हजारांतून 19,366 वजा केले तर 634 रुपये उरतात. पाच हजारांचा नफा 634 वर आला! आणि हा नफा तरी कोठला? दोन दिवस मालकाने स्वतः राबून, चित्र तयार करून, मंडळाच्या चार चकरा मारून मिळविलेली ती मजुरी आहे. दिवसाला 317 रुपये. मदतनीस 500 घेऊन घरी गेला आणि मालकाच्या वाट्याला त्याहून कमी आले. पत्नीच्या रात्रीच्या श्रमाचा तर एक पैसाही कोठे लिहिलेला नव्हता. एवढ्यावर हे थांबले नाही. पैसे देताना मंडळाच्या कार्यकर्त्यांनी “हजार रुपये आमची वर्गणी समजा” म्हणून कापून घेतले. म्हणजे दोन दिवस राबून त्याने पदरचे 366 रुपये घातले. हे पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, “म्हणजे मी इतके दिवस बाबांचे पैसे वाटीत होतो.”

हे आकडे एका दुकानाचे आहेत. दुसऱ्याचे भाडे कमी असेल, तिसऱ्याचा कोरा माल स्वस्त असेल. आकडे बदलतील, कलमे बदलणार नाहीत. ज्याने भाव सांगण्यापूर्वी ही कलमे मांडली नाहीत, त्याने भाव सांगितलाच नाही, केवळ अंदाज बोलून दाखविला, असे आम्ही म्हणू.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेली, हिशेबात कच्ची नसलेली मुले ही चूक का करतात? आमच्या मते याचे कारण आपल्याच एका सद्गुणात आहे. “थोडा नफा, मोठी उलाढाल” हे तत्त्व आपण लहानपणापासून ऐकत आलो. किराण्याच्या दुकानात ते अचूक लागू पडते. साखरेच्या पोत्यावर दोन टक्के सुटले तरी तेच भांडवल वर्षातून वीस-पंचवीस वेळा फिरते, आणि एक पोते विकावयास जेवढे श्रम लागतात त्याच्या दहापट श्रम दहा पोत्यांना लागत नाहीत. छपाईचे तसे नाही. तेथे विक्री वाढवावयाची तर हातांचे काम तेवढ्याच प्रमाणात वाढते. वरील हिशेबाने दोन दिवसांत शंभर, म्हणजे महिनाभर एक दिवसही रिकामा न जाता अधिकात अधिक 1,250 नग. नगामागे पाच रुपयेच सुटत असतील तर सबंध महिन्याचे 6,250 झाले. यापुढे उलाढाल वाढवावयाची तर नवा माणूस, नवी जागा, नवे यंत्र. ज्या धंद्याची उलाढाल माणसाच्या मनगटाने बांधलेली आहे, त्या धंद्यात थोडा नफा हे शहाणपण राहत नाही. थोडक्यात, आपली मुले नावाला व्यापारी राहिली आहेत, कामाने ती कारागीर झाली आहेत. आणि कारागिराचा भाव मालाच्या किमतीवरून निघत नाही, कामाला लागणाऱ्या वेळावरून निघतो.

हे तत्त्व काही नवे नाही. धार जिल्ह्यातील बाग येथील ठसेछपाई आपल्या प्रदेशाचे भूषण आहे. तेथे प्रत्येक रंगाला लाकडाचा निराळा ठसा लागतो आणि कापडावरून पुन्हा एकदा हात फिरवावा लागतो. रंग वाढला की ठसा वाढतो, ठसा वाढला की वेळ वाढतो, वेळ वाढला की भाव वाढतो. स्क्रीनच्या छपाईतही हेच आहे. प्रत्येक रंगाची निराळी स्क्रीन, तिच्यावर चित्र उतरविणे, ती जागेवर नेमकी बसविणे, काम झाल्यावर धुऊन पूर्ववत करणे. हे सर्व एका नगासाठी करा किंवा पाचशे नगांसाठी करा, श्रम तेवढेच. “रंग कितीही असू द्या, भाव एकच” असे जो म्हणतो, तो स्वतःच्या वेळाला फुकट समजतो.

यातूनच संख्येचा नियम निघतो. समजा, एका चित्राच्या पूर्वतयारीला स्क्रीन व वेळ धरून 1,500 रुपये पडतात. दहा नगांचे काम असेल तर नगामागे 150 रुपये बोजा पडला. शंभर नगांवर 15. पाचशे नगांवर केवळ 3. मग दहा नगांचा आणि पाचशे नगांचा भाव एक कसा असेल? अलीकडे फिल्मवर यंत्राने चित्र छापून ते उष्णतेने दाबून कापडावर उतरविण्याची जी पद्धत डीटीएफ या नावाने रूढ झाली आहे, तिला स्क्रीन लागत नाही. परंतु दर नगाचा खर्च कमी होत नाही. या पद्धतीने नगामागे 45 रुपये पडत असतील, आणि स्क्रीनने पूर्वतयारी वगळता 15, तर नगामागील फरक 30 रुपयांचा. 1,500 ला 30 ने भागले की पन्नास येतात. पन्नासाच्या आत डीटीएफ, पन्नासाच्या वर स्क्रीन. प्रत्येकाने आपल्या खर्चाचे आकडे घालून आपला स्वतःचा हा आकडा काढावा आणि भिंतीवर लिहून ठेवावा. दहा नगांचे गिऱ्हाईक लहान म्हणून त्याला हिणवू नये; पण त्याच्यासाठी पाचशेच्या भावाने तीन स्क्रीन भिजवूही नयेत.

नफ्याच्या टक्क्यांतही एक गफलत नेहमी होते. 150 च्या मालाला 50 चढविले तर मूळ खर्चावर ते 33 टक्के होतात, विक्रीवर 25 टक्केच. पुष्कळ जण चढविताना खर्चावर मोजतात आणि सूट देताना विक्रीवर देतात; मधला फरक कोठे गेला ते त्यांना कळत नाही. वरच्याच कामात मालकाची मजुरी दिवसाला 800 धरली तर दोन दिवसांचे 1,600 मिळून खरा खर्च 20,966 होतो. विक्रीवर पंधरा टक्के नफा हवा असेल तर 20,966 ला 0.85 ने भागावे लागते. 24,666 येतात, म्हणजे नगाला सुमारे 247 रुपये. पंधरा टक्के खर्चावर चढविले तर 24,111 च येतात आणि साडेपाचशे रुपये न कळत सुटतात. हा पंधरा टक्क्यांचा नफा चैनीसाठी नाही. न वसूल होणारी उधारी, मोडलेले यंत्र, आजारपणाचा महिना, न खपलेली मापे यांची ती तरतूद आहे. कोऱ्या टी-शर्टांत मध्यम मापे संपतात आणि टोकाची मापे कपाटात पडून राहतात, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. ती पडलेली मापे म्हणजे गोठलेला पैसाच होय.

सुटीविषयी एकच हिशेब सांगतो. शंभर रुपयांच्या नगावर पंचवीस रुपये सुटतात असे धरा. गिऱ्हाइकाने दहा टक्के सूट मागितली, आपण हसून दिली. आता पंधराच सुटतात. पूर्वी शंभर नगांवर जे मिळत होते ते मिळविण्यासाठी आता 167 नग छापावे लागतील. दहा टक्क्यांची सूट तोंडाने देता येते; सदुसष्ट नगांचे जादा श्रम मात्र हातांनी करावे लागतात.

यावर दोन आक्षेप नक्की घेतले जातील. पहिला असा की, शेजारी 210 ला देत असताना 247 कोण देईल? आम्ही विचारतो, शेजाऱ्याचे 210 कशावरून आले हे आपणांस ठाऊक आहे काय? त्याची जागा स्वतःची असेल. यंत्राची किंमत केव्हाच फिटलेली असेल. तो तिरुपूरहून एकदम पाच हजार नग मागवीत असेल. अथवा, आणि हे पुष्कळदा खरे असते, तोही आपल्याप्रमाणे दुसऱ्या शेजाऱ्याकडे पाहूनच बोलत असेल आणि आपल्याप्रमाणेच बुडत असेल. दुसऱ्याचा भाव ही माहिती आहे, आपला हिशेब नव्हे. ज्यांची ऐपत 210 ची आहे त्यांना भाव उतरवून देण्याऐवजी काम उतरवून द्यावे. पाठीवरील नाव काढले तर एक स्क्रीन वाचते. दोन रंगांचे चिन्ह एका रंगात बसविले तर आणखी एक वाचते. छपाईचा वेळही कमी होतो. असे दोन-तीन भाव लिहून गिऱ्हाइकापुढे ठेवले की घासाघीस कमी होते आणि निवड त्याच्या हाती राहते.

दुसरा आक्षेप अधिक जाणत्यांचा आहे. मंदीच्या दिवसांत दुकान रिकामे ठेवण्यापेक्षा कमी भावाने काम घेतलेले काय वाईट? यात तथ्य आहे. वरील कामात दुकानखर्च व मालकाची मजुरी वगळली तर प्रत्यक्ष खर्च 17,926 होता. रिकाम्या दिवसांत वीस हजारांना ते घेतले असते तर भाड्याच्या दिशेने 2,074 रुपये आले असते. काही न येण्यापेक्षा ते बरे. परंतु हा आपद्धर्म आहे, बारमाही धर्म नव्हे. शिवाय आपण दिवसाचा वाटा पंचवीस दिवसांनी काढला. प्रत्यक्षात महिन्याचे पंधराच दिवस काम असेल तर तो 720 नसून 1,200 होतो. रिकाम्या दिवसाचे भाडे भरलेल्या दिवसाने द्यावयाचे असते. ऐन गणेशोत्सवात, काम उरकत नसतानाही, जो मंदीचाच भाव लावतो त्याचे ते देणे कोण फेडणार?

उधारीचा आणि कराचाही भावाशी निकट संबंध आहे. मागणीप्रमाणे छापलेला माल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. एका शाळेचे नाव छापलेला टी-शर्ट दुसरी शाळा घेणार नाही. म्हणून कोऱ्या मालाची किंमत तरी आगाऊ घेतल्याशिवाय शाईचा डबा उघडू नये, आणि छापण्यापूर्वी नमुन्यावर गिऱ्हाइकाची लेखी संमती घ्यावी. कारखान्यांचे काम करणाऱ्यांनी उद्यम नोंदणी करून ठेवावी. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे अधिकात अधिक 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात भर घातली ती अशी की, कायद्याच्या मुदतीत न दिलेली अशी देणी देणाऱ्याला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाहीत, ती प्रत्यक्ष दिल्यावरच धरता येतात. हे सौजन्याने स्मरण करून दिले तरी पुष्कळ बिले हालतात.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत, 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर पाच टक्के कर आहे. नोंदणी झालेल्याने “सर्व मिळून 200” असे सांगितले तर त्याच्या हाती 190 रुपये 48 पैसेच राहतात, हे ध्यानात ठेवून भाव नेहमी “कर वेगळा” असा सांगावा. आणखी एक बारकावा असा की, केवळ माल विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. परंतु गिऱ्हाइकाने आणलेल्या टी-शर्टांवर छापून देणे ही सेवा ठरते आणि सेवेची मर्यादा वीस लाखांची आहे. दोन्ही प्रकारची कामे करणाऱ्याने आपल्या सल्लागाराशी वेळीच बोलावे.

येथवर आम्ही दुकानदाराची बाजू मांडली. आता गिऱ्हाइकाची मांडणे आमचे कर्तव्य आहे, कारण रास्त भाव मागण्याचा अधिकार रास्त माल देणाऱ्यालाच असतो. कापडाच्या जाडीचा आकडा म्हणजे एका चौरस मीटरचे वजन. 180 सांगून 160 चे कापड देणे हा या धंद्यातील मोठा मोह आहे. धुतल्याशिवाय ते सहसा ओळखू येत नाही. पण ओळखणे अवघड नाही : शंभर चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापून काट्यावर ठेवावा, 1.8 ग्रॅम भरला तर कापड 180 चे, 1.6 भरला तर 160 चे. नवा माल आला की दुकानदाराने एक नग कापून ही परीक्षा करावी आणि बिलावर जाडी लिहून द्यावी. आपल्या परंपरेने अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत खोटी मापे वापरणे आणि अस्सलाच्या नावाने नक्कल देणे हे दोन्ही आहेत. शाई पुरेशा उष्णतेने पक्की न करणे हाही त्याच जातीचा दोष आहे. पहिल्या दोन धुण्यांतच चित्र तडकते आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. आमचा अनुभव असा की अशी लबाडी बहुधा दुष्टपणाने होत नाही. भाव न परवडणारा सांगितलेला असतो, मग तो भरून काढण्यासाठी कापड पातळ होते, शाई अर्धी भाजली जाते. पुढे कापड पातळ करावे लागेल, हे त्या पहिल्या चुकीच्या भावातच ठरून गेलेले असते. म्हणून खर्च मांडून सांगितलेला पुरेसा भाव हे आम्ही सचोटीचे पहिले साधन मानतो.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याने पाडव्यानंतर नवी वही घातली. प्रत्येक कामाला एक पान, वर कलमे, खाली स्वतःची आणि पत्नीची मजुरी निराळी. रंगवार व संख्यावार भाव छापून दुकानात लावला. पहिल्या तीन महिन्यांत त्याची दोन मोठी गिऱ्हाइके गेली. त्यांतील एक ते हजार रुपये कापणारे मंडळ होते. दुकान पूर्वीपेक्षा कमी गजबजलेले दिसते आणि वडिलांना अजूनही कधीकधी काळजी वाटते. त्याने श्रीमंती मिळविली असे आम्ही म्हणणार नाही. पण आता महिन्याच्या शेवटी तो पत्नीच्या हातात तिची मजुरी ठेवतो, वडिलांना व्याज देतो आणि रात्री आठ वाजता दुकान बंद करतो. मुख्य म्हणजे, घरात बाप-लेक पुन्हा एका ताटावर बसून हिशेब बोलू लागले आहेत.

आमच्या व्यापारी बंधूंना आमची एवढीच विनंती आहे की, घरातील मुलाने नवा उद्योग काढला म्हणजे त्याला केवळ भांडवल देऊन आणि “भाव कमी ठेव, गिऱ्हाईक सोडू नकोस” हा जुना उपदेश करून थांबू नये. वर्षातून चार वेळा त्याची वही मागून घ्यावी आणि एखादे काम निवडून शेवटच्या कलमापर्यंत त्याच्याबरोबर मांडावे. भगिनींनीही आपल्या श्रमाचे कलम वहीत चढले आहे की नाही, हे विचारण्यास संकोचू नये. घरचे श्रम फुकट धरून दाखविलेला नफा हा नफाच नव्हे. गिऱ्हाइकाला फसवून मिळविलेला पैसा जसा आपला नव्हे, तसा स्वतःच्या घराला फसवून दिलेला स्वस्त भावही आपला मोठेपणा नव्हे. दोन्हीकडचे माप सारखे ठेवणे, यालाच आम्ही व्यापार समजतो.